काचेच्या आतली रेघ

आलापल्लीच्या लाकूड डेपोत माझी सगळी नोकरी सागाच्या ओंडक्यांवर नंबर टाकण्यात गेली. तेलरंगानं टाकलेला नंबर पावसालाही दाद देत नाही, यावर माझा देवापेक्षा जास्त विश्वास. त्याच विश्वासानं गेल्या मे महिन्यात मी घात केला.

लेक पंधरा दिवस ट्रेनिंगला नागपूरला गेली आणि तिची खाऱ्या पाण्याची टाकी माझ्या हवाली करून गेली. टाकीत दोन नारिंगी क्लाऊन मासे, सहा वर्षं तिनं जिवापाड जपलेले. तिनं दहादा बजावलं होतं: उन्हानं पाणी उडतं, मीठ मागंच राहतं, म्हणून रोज खुणेपर्यंत आरओचं साधं पाणी घालायचं, मीठ अजिबात नाही. ती खूण तिनं काचेवर बाहेरून स्केचपेननं केली होती. माझी बायको दिसेल ती काच पुसते. चौथ्या दिवशी खूण साफ.

बायकोवर तणतणलो. मग अंदाजानं जागा धरली आणि जुन्या डब्यातल्या लाल तेलरंगानं रेघ ओढली, तीही काचेच्या आतून, म्हणजे कुणाचं फडकं तिथं पोचायलाच नको. रंग वाळायची वाटही न बघता रेघेपर्यंत पाणी भरलं. वर स्वतःवर खूश झालो.

सकाळी सातला पाण्यावर रंगीत तवंग होता. दोन्ही मासे वरच्या कोपऱ्यात धापा टाकत होते. काय झालंय ते मला तेव्हाच कळलं होतं.

लेकीला लगेच फोन करायला हवा होता. मी केला नाही. कागदानं तवंग टिपत बसलो, पंखा टाकीकडे वळवला, रेघ नखानं खरवडली. बायको दोनदा म्हणाली, पोरीला विचारा. मी तिच्यावर खेकसलो. आपली चूक लेकीला सांगायची कशी, एवढंच डोक्यात. एक मासा आडवा व्हायला लागला तेव्हा नऊ वाजले होते. नंबर बायकोनंच लावून दिला.

लेक रागावली नाही. भराभरा सांगत गेली: मागच्या खोलीतल्या ड्रममध्ये मिठाचं पाणी तयार आहे, ते स्वच्छ बादलीत घ्या, हवेची नळी सोडा, मासे त्यात हलवा. सांगितलं तसं केलं. एक मासा तासाभरात सावरला. दुसरा बादलीच्या तळाशी गेला तो वर आलाच नाही.

रविवारी ती आली. टाकी धुऊन नवं पाणी भरलं, वाचलेला मासा त्यात सोडला, आणि मग माझ्यासमोर येऊन बसली.

"बाबा, तुमाले कितीले दिसलं?"

नऊ म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. बायको ओट्यापाशी उभी होती.

"सातले," मी म्हणालो.

"दोन घंटे लय होते बाबा. दोघंबी वाचले असते."

मला रडू आलं. ते मी लपवलं नाही.

संध्याकाळी तिला परत निघायचं होतं. उरलेला मासा ती आता दुसऱ्या कुणाकडे ठेवून जाईल, असंच मी धरून चाललो होतो. तिनं पर्समधून वायरमन वापरतात ती चिकटपट्टी काढली आणि माझ्या हातात ठेवली.

"पाण्याची खूण म्हणून ही बाहेरून लावा, पुसली तरी जात नाही," ती म्हणाली. "अन् काही झालं का पैले मले फोन करजा."