मधुकररावांच्या चार वह्या

श्री. मधुकरराव ढोमणे यांची आणि माझी पहिली भेट झाली ती त्यांनी माझं काम नापास केलं म्हणून. जबलपूरला संरक्षण खात्याच्या कारखान्यात मी नुकताच लागलो होतो. एकवीस वर्षांचा होतो, आणि मशीनवर केलेले पहिले चाळीस नग मोठ्या रुबाबात तपासणी विभागात घेऊन गेलो. टेबलामागे बसलेल्या अठ्ठावीस वर्षांच्या शांत माणसानं एकेक नग मापून पाहिला आणि पूर्ण पेटी माझ्याकडे सरकवली.

मी म्हटलं, "भाऊ, केसाएवढा तर फरक आहे."

"आहे ना फरक? मग चलो, परत घेऊन जा."

त्याच दुपारी कँटीनमध्ये लाउडस्पीकरवर एक जुनं सिनेमाचं गाणं लागलं होतं. मी शेजारच्याला सांगत होतो, की हे गाणं त्या वर्षी रेडिओच्या क्रमवारीत पहिलं होतं. मागून आवाज आला, "तिसरं. तेही दोनच आठवडे." वळून पाहिलं तर मधुकरराव. मी चिडून विचारलं, "तुम्ही काहून इतक्या खात्रीनं बोलून राहिले?" ते म्हणाले, "रविवारी घरी ये. दाखवतो."

चेरीतालच्या त्यांच्या घरी मी त्या रविवारी गेलो, तो आजपर्यंत जातो आहे.

राज्यांची फेररचना झाली, नागपूर एका राज्यात गेलं आणि जबलपूर दुसऱ्यात राहिलं, त्या सुमारास मधुकररावांचे वडील केंद्र सरकारच्या कचेरीतली नोकरी धरून इथेच थांबले. शाळेत हिंदी आणि घरात मराठी अशा वातावरणात वाढलेल्या या मुलाला बाराव्या वर्षी रेडिओच्या एका कार्यक्रमाचं वेड लागलं. आठवड्यातून एकदा संध्याकाळी लोकप्रिय गाण्यांची क्रमवारी लागायची. शेवटच्या क्रमांकापासून सुरुवात होऊन पहिला नंबर सर्वांत शेवटी येई. गल्लीतली सगळी मुलं ऐकत. मधुकरराव लिहून घेत. या आठवड्याचा क्रमांक, मागच्या आठवड्याचा क्रमांक, गाणं किती आठवडे टिकलं, असे रकाने पट्टीनं आखलेले असत. वर्षाला एक वही, अशा सव्वीस वह्या. खरखरीत एखादं नाव बुडालं तर तिथे "ऐकू आले नाही" एवढंच लिहिलेलं असे. शेजारच्या मुलाला विचारून ती जागा त्यांनी कधी भरली नाही.

चोविसाव्या वर्षी लग्न झालं आणि त्याच वर्षी कारखान्यात त्यांना संध्याकाळची पाळी लागली. ती चार वर्षं चालली. त्या काळात कार्यक्रम ऐकून वही लिहिण्याचं काम शालिनीताईंनी केलं. त्या यवतमाळच्या होत्या. रेडिओचं वेड त्यांना मुळीच नव्हतं. पण रकाने त्यांनी नवऱ्याहून सुबक आखले, आणि समासात आपलंही काही लिहून ठेवलं. "भाजी करपली, पण पाचवे सोडले नाही." "आज आईंना ताप, आवाज बारीक ठेवून ऐकले." "सातवे गाणे यांना आवडत नाही, मला आवडते." मधुकररावांनी या चार वह्या मला दाखवल्या तेव्हा ते क्रमांकांबद्दल काही बोलले नाहीत. समास वाचून दाखवत राहिले.

निवृत्त झाल्यावर त्यांनी जो छंद धरला त्यासाठी आज हा गौरवग्रंथ निघतो आहे. त्यांनी ते जुने कार्यक्रम पुन्हा उभे करायला घेतले. दर शनिवारी संध्याकाळी सहा वाजता, त्यांच्या बाहेरच्या खोलीत, अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीचा तोच आठवडा. सराफ्याच्या मागच्या गल्लीतल्या घड्याळजीकडून, भंगारातून, कुणाच्या माळ्यावरून त्यांनी रेकॉर्ड आणि कॅसेटी मिळवल्या. निवेदन ते स्वतः करत, पण त्या प्रसिद्ध निवेदकाची नक्कल कधी केली नाही. श्रोत्यांची पत्रं आणि दंतमंजनाची जाहिरात शालिनीताई वाचत. एखादं गाणं मिळालं नाही तर त्या जागी दुसरं न वाजवता ते नाव सांगून पुढे जात. एका आठवड्यात एकच भाग. मी एकदा म्हटलं, "भाऊ, दोन-दोन भाग केले तर लवकर संपेल." ते म्हणाले, "तेव्हा आठवडाभर वाट पाहायचो ना? मग आता काहून नाही?"

सुरुवातीला तीसेक माणसं येत. आपल्या इथल्या मराठी मंडळातले बरेच जण येत, चहा पीत आणि बाहेर पडल्यावर हसत. "ढोमण्यांना दुसरं काम नाही" हे वाक्य मी मंडळाच्या बैठकीत किती वेळा ऐकलं याचा हिशेब नाही. एकदा तर मीही ते म्हटलं आहे. ग्रंथाच्या संपादकांनी मला कळवलं, की मंडळानं मधुकररावांच्या छंदाला कसं प्रोत्साहन दिलं यावर एक परिच्छेद अवश्य लिहावा. मी आठवून पाहिलं. लिहिण्यासारखं काही आठवलं नाही. जे आठवतं ते पुढे लिहितो.

हे सुरू होऊन सहा वर्षं झाली होती. शालिनीताईंचं दुखणं वाढलं आणि मधुकरराव त्यांना घेऊन नागपूरला गेले. घराची किल्ली माझ्याकडे दिली, कुंड्यांना पाणी घालायला. मी तेव्हा मंडळाचा सचिव होतो. मंडळाचा सुवर्णमहोत्सव जवळ आला होता. त्याच दिवसांत एका खासगी प्रसारण कंपनीचा माणूस माझ्याकडे आला. त्यांना जुन्या क्रमवारीवर कार्यक्रम करायचा होता. वह्यांबद्दल त्याला कुठूनसं कळलं होतं. दर भागात मंडळाचं नाव घेऊ, असं तो म्हणाला. अकरा वह्या लागतील, आठ दिवसांत छायाचित्रं काढून परत करू.

मी मधुकररावांना फोन केला नाही. शालिनीताई अत्यवस्थ होत्या म्हणून त्रास दिला नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. ते नाही म्हणतील हे मला माहीत होतं. मी त्यांच्या घरी गेलो, कुंड्यांना पाणी घातलं, कपाट उघडलं आणि अकरा वह्या पिशवीत भरून त्या माणसाच्या हातात दिल्या. त्यांत शालिनीताईंच्या चारही होत्या.

आठ दिवसांचे दोन महिने झाले. सात वह्या कुरिअरनं आल्या. बाकीच्या चारांबद्दल विचारलं तर उत्तर मिळालं, की ऑफिस दुसऱ्या इमारतीत हलवलं, त्या गडबडीत जुने कागद निघून गेले. कार्यक्रम मात्र सुरू झाला. मंडळाच्या सभागृहात आम्ही सगळे ऐकायला बसलो. आपलं नाव पहिल्या भागात एकदा आलं, तेही चुकीचं, नंतर आलंच नाही. जी गाणी कंपनीजवळ नव्हती ती गाळून खालची वर सरकवली होती. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.

शालिनीताई नागपूरलाच वारल्या. तेरावं आटोपून मधुकरराव परत आले त्या दिवशी मी त्यांच्या घरी होतो. हातपाय धुऊन ते सरळ कपाटाकडे गेले. ते काय शोधत होते हे मला तेव्हाच कळलं. मी सगळं सांगून टाकलं.

त्यांनी एवढंच विचारलं, "कोणत्या चार?"

मी वर्षं सांगितली. त्यांनी कपाटाचं दार लावलं. मग म्हणाले, "तिचं अक्षर दुसरं कुठं नाही रे. पत्रं लिहायची वेळच आली नाही आम्हाला."

मी पाया पडायला वाकलो तर ते बाजूला झाले. "अच्छा, आता जा तू."

पुढच्या शनिवारी सहा वाजता त्यांनी कार्यक्रम लावला. जाहिरात कुणी वाचली नाही. वह्यांचं काय झालं, असं कुणीतरी विचारलं. मी दाराशी उभा होतो. मधुकरराव म्हणाले, "वाळवी लागली."

ज्या माणसानं केसाएवढ्या फरकाची पेटी परत केली, ऐकू न आलेलं एक नाव पन्नास वर्षं कोरं ठेवलं, त्यांना माझ्यासाठी खोटं बोलावं लागलं. मंडळातल्या सगळ्यांना आजवर वाळवीच ठाऊक आहे. हा ग्रंथ वाचणाऱ्यांना आता खरं कळेल.

मी एकदा विचारलं, "भाऊ, तुम्ही काहून लपवलं?"

ते म्हणाले, "तुझ्यासाठी नाही लपवलं. मंगला शालूची मैत्रीण. तिला समजलं असतं तर तुझ्या घरात राहणं कठीण झालं असतं तिला."

मंगला म्हणजे माझी पत्नी. पुढे तिच्या पायाचं हाड मोडलं, तेव्हा ती तीन महिने अंथरुणावर होती. मधुकरराव दर मंगळवारी आमच्या घरी येत, आदल्या शनिवारचा भाग तिला ऐकवत आणि डाळिंब सोलून देत. माझ्याशी कामापुरतं बोलत. तिला हे खटकलं असावं, पण तिनं विचारलं नाही.

हरवलेली वर्षं एकदम समोर आली नाहीत. आठवड्याला एक भाग या हिशेबानं ती यायला अजून सहा वर्षं होती. तेवढ्या काळात आम्ही दोघांनी शोध घेतला. जुन्या श्रोत्यांचे पत्ते काढून पोस्टकार्डं टाकली. कटनी, सिवनी, बालाघाट, अमरावती, कुठेकुठे पत्रं गेली. बहुतेकांची उत्तरं एकच होती: होत्या वह्या, रद्दीत गेल्या. बरगीजवळून मात्र एक पत्र आलं. आम्ही दोघं बसनं गेलो. धरणात गाव गेल्यावर वर उंचावर येऊन राहिलेले एक वृद्ध गृहस्थ होते. पूर्वी शेती होती, आता मुलं मासे धरतात. त्यांनी लोखंडी पेटीतून एक वही काढली. घर सोडताना जमिनीच्या कागदांबरोबर ती पेटीत राहिली होती.

"कागज़ तो किसी काम नहीं आए," ते मधुकररावांना म्हणाले. "यह ले जाइए. आपके काम की है."

मधुकररावांनी तिथेच बसून पूर्ण वही उतरवून घेतली आणि मूळ वही परत केली. परत का केली, असं मी बसमध्ये विचारलं. ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "वही ज्याची त्याच्याजवळ राहावी."

त्या वहीनं हरवलेल्या चारांतलं पहिलं वर्ष भरून निघालं. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षासाठी काहीच मिळालं नाही. लोक म्हणाले, नेटवर याद्या आहेत, त्या घ्या. मधुकररावांनी पाहिल्या. वर्षभराची एकत्र यादी होती, आठवड्यांची नव्हती, आणि कुणी केली तेही लिहिलेलं नव्हतं. त्यांनी त्या बंद केल्या. गेली दोन वर्षं दर शनिवारी सहा वाजता ते दार उघडतात, खुर्चीवर बसतात आणि सांगतात, "या आठवड्याची नोंद माझ्याजवळ नाही." मग तासभर बसून राहतात. तिसांचे दहा झाले, दहांचे चार. आता बहुतेक शनिवारी मी एकटाच असतो. चौथं वर्ष याच महिन्यात सुरू झालं आहे, तेही रिकामंच.

हा लेख छापायला देण्याआधी मी मंगलाला वाचून दाखवला. तिनं पूर्ण ऐकला. मग विचारलं, "नऊ वर्षं तुला माहीत होतं?" मी हो म्हटलं. ती चपला घालून एकटीच चेरीतालला गेली आणि दिवेलागणीला परत आली. त्या दिवसापासून ती माझं ताट वाढते, पण समोर बसत नाही.

दुसऱ्या दिवशी मी मधुकररावांकडे गेलो. म्हटलं, "भाऊ, सगळं लिहिलं आहे. तुम्ही नको म्हणाल तर काढतो."

"खरं लिहिलं?"

"हो."

"मग काढायचं काहून?"

मी धीर करून विचारलं, "तुम्ही मला माफ केलं का?"

उत्तर देताना त्यांचा आवाज चढला नाही, डोळेही वळले नाहीत. "नाही, विजय. तू विचारून राहिला म्हणून सांगतो. नाही केलं."

सत्काराच्या दिवशी मधुकररावांना शाल दिली जाईल, भाषणं होतील, मंडळानं त्यांना कसं जपलं हे कुणीतरी सांगेल. ते शांतपणे ऐकून घेतील, कारण दुसऱ्याला भर सभेत खोटं पाडणं त्यांच्या स्वभावात नाही. माझी सभासदांना एवढीच विनंती आहे, की त्यानंतरच्या शनिवारी कुणीतरी चेरीतालला जावं आणि तो तासभर बसावं. हे वर्ष सरलं की पुढच्या दहा वह्या कपाटात शाबूत आहेत. शेवटची संपेल तेव्हा मधुकरराव शहाऐंशी वर्षांचे असतील.

तोवर त्यांचे कान असेच तीक्ष्ण राहोत, गुडघे त्यांना त्रास न देवोत, आवाज न थकता साथ देवो. त्यापुढेही त्यांनी शंभरी गाठावी. आणि मला माफ करायची त्यांनी मुळीच घाई करू नये.