म्सिस्कांचं दार

एकवेंडेनीजवळच्या आमच्या वस्तीत लेवी म्सिस्का सायकली दुरुस्त करायचा. ख्रिस्ती मंडळीचं जुनं प्रार्थनाघर पाडलं, तेव्हा पाळकांनी त्याचं भक्कम दार लेवीला देऊन टाकलं. त्यानं ते आपल्या मोकळ्या जागेत चौकटीसकट उभं केलं आणि बायकोला म्हणाला, "दार आलं. घर देवाच्या वेळेला येईल."

न्याचिर्वा कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "देवानं उलटीकडून सुरुवात केली म्हणायची!"

झोपायला दोघं तिच्या भावाकडे जात, पण दिवसभराचा संसार दारामागे. आम्ही दारासमोर उभं राहून 'ओडी!' अशी हाक द्यायची, त्यानं कडी काढायची, मगच आत जायचं. कुणी बाजूनं आलं की लेवी ओरडे, "भिंतीतून काय शिरतोस भुतासारखा? माघारी जा!" एकदा मी भर पावसात बाहेर ताटकळलो. आत गेलो तर आतही तोच पाऊस.

चौथ्या वर्षी त्याचा धीर सुटला. आठवड्याभरात त्यानं बोरूच्या भिंती बांधल्या, वर गवत टाकलं. रविवारी आम्ही उपासनेत असताना वारा सुटला आणि घर शाळेच्या मैदानात जाऊन पडलं. दार जागच्या जागी होतं. लेवीनं गुडघे टेकले. "प्रभू, घाई माझी होती. आता तू म्हणशील तेव्हा."

सातव्या वर्षी गावप्रमुखानं फर्मान काढलं, की बांधकाम नसलेल्या जागा परत घेणार. कारकून वही घेऊन आला तेव्हा लेवी बाजारात होता. कारकून दारासमोर थांबून म्हणाला, "ओडी!"

दारामागे जरा बाजूला शेंगदाणे कांडणारी न्याचिर्वा त्याला डोक्यापासून पायापर्यंत दिसत होती. ती म्हणाली, "मालक घरी नाहीत, दादा."

कारकून सभ्य माणूस. पुरुष घरी नसताना आत कसं जायचं? त्यानं वहीत लिहिलं: 'घर आहे. मालक बाहेर.'

वही वाचून गावप्रमुख पोट धरधरून हसला. मग गंभीर झाला, कारण पानाखाली त्याचाच शिक्का आधीपासून मारलेला होता. "आता वही खोटी पडता कामा नये," तो म्हणाला आणि त्यानं अख्ख्या वस्तीला विटा पाडायला बसवलं. दोन महिन्यांत दाराच्या दोन्ही अंगांनी भिंती चढल्या, वर पत्रे आले.

आभाराच्या प्रार्थनेत लेवी उभा राहिला. "लोक म्हणतात, माझा विश्वास मोठा. खोटं आहे. रोज सकाळी मी देवाशी भांडायचो. सात वर्षं त्यानंच मला सोसलं."

"खरंय," न्याचिर्वा म्हणाली. "आवाज घराबाहेर जायचा."

"कुठल्या घराबाहेर?" पाळकांनी विचारलं.

हसू आवरल्यावर सीमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि शेंगदाण्याचा कूट घातलेली भाजी वाढली. खोली एकच, त्यामुळे आम्ही निम्मे जण अंगणात बसून जेवलो.