फुलांच्या खोलीतला कॉम्प्युटर

अनुपने बसायला जागा केली, इतकंच. खुर्चीवर शेवंतीची टोपली होती, तिच्यावर ओलं गोणपाट. ती उचलून त्याने शेजारच्या कॉम्प्युटरच्या डब्यावर ठेवली. गोणपाटातलं पाणी डब्याच्या जाळीतून आत उतरलं, आत काहीतरी चट् वाजलं, आणि टीव्हीवर भजन म्हणणारे वामनराव अर्ध्या ओळीत नाहीसे झाले.

खोलीतले खरे वामनरावही थांबले. खंजिरीवर पडायचा हात वरच राहिला.

अकोल्याच्या जठारपेठेतली ही खोली म्हणजे वच्छलामावशीचा कारखाना. दोरा पायाच्या अंगठ्याला गुंडाळून ती दोन्ही हातांनी हार गुंफते, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. तिचे यजमान वामनराव पूर्वी फुलं विकायचे आणि भजनात गायचे. पार शेंदूरजनाघाटहून बोलावणी यायची. मग तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने घसा धरला. ऑपरेशन झालं, माणूस वाचला, आवाज गेला. तेव्हापासून ते रोज दुपारी टीव्हीवर स्वतःलाच लावतात आणि खंजिरीवर साथ करतात.

तो आवाज आता एकाच डिस्कवर होता. अमरावतीला कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये असलेल्या या भाच्यानेच दिवाळीत जुन्या व्हिडिओ कॅसेटी त्या डिस्कवर घेतल्या होत्या आणि डिस्क कॉम्प्युटरात बसवली होती. कॅसेटी मावशीने भंगारात घातल्या. भाचा शिकलेला, त्याच्या शब्दावर.

"मी पाहतो, मावशी," अनुप उठला.

"बोट लावू नोको. पयले प्लग काढ." मावशीच्या हातातला हार थांबला नव्हता; गाठी मात्र आज जरा जास्तच आवळल्या जात होत्या. "आन् धर्मेंद्रले फोन लाव."

धर्मेंद्र म्हणजे मागच्या गल्लीतला टीव्ही दुरुस्तीवाला. तो येईपर्यंत वामनराव खंजिरी मांडीवर ठेवून काळ्या टीव्हीकडे बघत होते. अनुप त्यांच्याकडे बघायचं टाळत होता. लॅबमधली मुलं चुकली की तो तासभर ऐकवतो. इथे कोणी एक शब्द ऐकवत नव्हतं, तेच जड जात होतं.

धर्मेंद्रने डबा उघडला आणि मागे सरला.

"भाऊ, हा कॉम्प्युटर हाये का झेंडूचं दुकान?"

आत पाकळ्याच पाकळ्या. पंख्याने महिनोन्‌महिने त्या ओढून घेतल्या होत्या आणि तळाशी गादी केली होती.

"बोर्ड गेला," धर्मेंद्र म्हणाला. मग गादीत बोटं घालून त्याने डिस्क बाहेर काढली. उलटी केली, उजेडात धरली, पुसली. "पाणी सारं पाकळ्याइनं पेलं वाटते. पण लावल्याबिगर मी काई म्हनत नाई."

त्याने पिशवीतून एक मीडिया प्लेअर काढला. तळहाताएवढा, पंखा नाही, काही नाही. डिस्कवरचं टीव्हीवर दाखवायचं, एवढंच त्याचं काम. डिस्क जोडली. निळा दिवा लुकलुकला. टीव्ही काळाच.

"काऊन?" मावशीने पहिल्यांदा हात थांबवले.

"डिस्क वाचून राहिला."

दिवा लुकलुकत राहिला. वामनरावांचा हात आपल्या गळ्यावरच्या व्रणाकडे गेला आणि तिथेच थांबला. अनुपच्या कपाळावरचा घाम भुवईपर्यंत आला, तरी पुसायचं त्याला सुचेना.

पडदा उजळला. नावं आली. धर्मेंद्रने पहिल्या नावावर बटण दाबलं आणि खोलीत तो खडा आवाज घुमला, पहिल्या ओळीपासून.

वामनरावांनी सम बरोबर पकडली.

मावशीने नाक ओढलं आणि हार पुन्हा हातात घेतला. मोठ्या बटणांचा रिमोट धर्मेंद्रने तिच्यासमोर सतरंजीवर ठेवला. तिने मोकळ्या पायाच्या अंगठ्याने आवाज वाढवला. माउसला ही सोय नव्हती. त्याच्यासाठी तिला दर वेळी हातातला हार सोडून, ओले हात पदराला पुसून उठावं लागायचं. शिवाय पंख्याच्या गरम वाऱ्याने जवळची शेवंती माना टाकायची, तेही तिने भाच्याला कधी सांगितलं नव्हतं. कॉम्प्युटर त्याने हौसेने दिलेला.

आता जीव भांड्यात पडल्यावर अनुपमधला लॅबवाला जागा झाला.

"मावशी, मी त्यात नवीन बोर्ड टाकून देतो. या डब्बीत भजनाशिवाय काई नाई होत. कॉम्प्युटरवर बिलं होतात, तुह्या पोरीशी, दीपमालाशी व्हिडिओवर बोलनं होते, इंटरनेट होते, सारं होते."

मावशीने दाताने दोरा तोडला.

"होऊ दे ना तुह्या घरी."