अक्का कुणाची

अक्का गेल्याची बातमी मला एका परक्या बाईनं सांगितली. मी मागच्या अंगणात पापड वाळत घालत होते. दारात कामाक्षी रडत उभी होती, जवळच्या पापनाशम गावाहून अक्काच्या दवाखान्यात येणारी. 'आमची अक्का गेली,' ती तमिळमध्ये म्हणाली. दवाखान्यातल्या खुर्चीतच अक्कानं प्राण सोडला, आणि तेव्हा तिचा हात या कामाक्षीच्या हातात होता. सख्खी बहीण माझी, आणि 'आमची' म्हणणारी ही कोण... मला रडू येण्याआधी राग आला.

अक्काची नोकरी ऐकण्याची होती. क्षयाचे रोगी, मूल गमावलेल्या आया, जीव द्यायला जाऊन वाचलेल्या सुना, यांच्याशी बोलायला दवाखान्यानं तिला नेमलं होतं. स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत असली नोकरी तंजावरच्या राजवाड्यामागच्या आमच्या मराठी गल्लीत कुणाला ठाऊकही नव्हती. संध्याकाळी परतली की, मयताच्या घरून आल्यासारखी ती थेट विहिरीवर जाई आणि डोक्यावरून पाणी घेई. तोवर तिला कुणी शिवायचं नाही. मग पानावर बसे, सांबारभात कालवी आणि तसाच ठेवी. माझं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा मी तिच्याजवळ जाऊन बसले. 'आतां नको गे, रमणी,' ती म्हणाली. 'कान भरलेत माझे. मज उगें बसूं दे.' साऱ्या तंजावरसाठी हिला कान होते, माझ्यासाठी तेवढे नव्हते.

मग मीही हट्टाला पेटले. एका सकाळी दवाखान्यात गेले आणि तिच्या खोलीबाहेरच्या बाकावर इतर बायांच्या रांगेत बसले. माझी पाळी आली. अक्कानं मान वर केली, मला पाहिलं, पण चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. 'सोल्लुंग अम्मा,' म्हणाली. सांगा, बाई. घरात आमची मराठीच; जन्मात मी तिच्याशी तमिळ बोलले नव्हते, त्या दिवशी सगळं तमिळमध्येच सांगितलं. हनुवटीला हात लावून तिनं ते शेवटपर्यंत ऐकलं. इतकं नीट माझं कुणी कधी ऐकलेलं नाही. बाहेर आले तर पुढची बाई पदर सावरत उठत होती. हेच आता तिलाही मिळणार, या विचारानं माझा जळफळाट झाला.

पुढे पुढे अक्का खंगत गेली. भाजीवाली नवऱ्याचं गाऱ्हाणं सांगू लागली की ही आत जाऊन कडी लावी. डॉक्टरांनी रजा घ्यायला सांगितलं. 'त्या बायका कोठें जातील?' एवढंच तिचं उत्तर. मी कुठे जाईन, हे काही तिच्या मनात आलं नाही.

तेरावं झाल्यावर कामाक्षी पुन्हा आली. म्हणाली, दुपारी खोली रिकामी झाली की अक्का बोलायची आणि ही ऐकायची.

'काय बोलायची?'

'थकले म्हणायची. रडायची. तुमचं लग्न मोडलं त्याचं तर किती दिवस...'

अक्काला माझ्यासाठी रडताना मी कधी पाहिलं नाही. ते हिनं पाहिलं.

आता दर शुक्रवारी मी पापनाशमची बस धरते. कामाक्षी कॉफी पुढे ठेवते आणि मी विचारते, अक्का आणखी काय म्हणायची? ती थोडंथोडंच सांगते. बरंचसं ती स्वतःपाशी राखून ठेवते असा मला संशय आहे. तिच्या जागी असते तर मीही ठेवलं असतं.