कूस बदलायची वेळ

आडवा पडलेला माणूस उभ्या माणसाच्या दुप्पट जड होतो. दादा तर मूळचाच धिप्पाड. बांधकामांवर सळया वाकवून वाकवून दंड मांडीएवढे झालेले. मेंदूत रक्त साकळलं आणि त्याचं उजवं अंग कायमचं झोपलं. वाचाही गेली. तोंडात एकच शब्द राहिला, "गाढवा." पाणी हवं, गाढवा. कपडे खराब झाले, गाढवा. बायकोनं कपाळावरून हात फिरवला तरी गाढवाच.

"जन्मभर जे बोललात तेच शिल्लक राहिलं," वहिनी म्हणायची. "देवाचं नाव घेतलं असतंत तर ते राहिलं असतं."

वहिनी सूतगिरणीत सकाळपाळीला जायची. ती परत येईपर्यंत घरात दोघंच, दादा आणि त्याचा धाकटा भाऊ. धाकट्याला नाव होतं, पण घरात ते कुणी वापरलं नाही. तो धाकटाच. विमा कंपनीच्या संगणकाचं काम तो घरात बसून करायचा. कंपनीचा पायथन नावाच्या संगणकी भाषेतला एक अवाढव्य प्रोजेक्ट होता, जुन्या वाड्यासारखा नव्हे, जुन्या भावकीसारखा. दुसऱ्यांनी लिहिलेली तयार प्रोग्रामची शेकडो पॅकेजं त्यात नांदत होती. याचं त्याच्याशी पटतं, त्याचं तिसऱ्याशी पटत नाही, चौथा म्हणतो तिसऱ्याची जुनी आवृत्तीच द्या, नाहीतर मी चाललो. एक पॅकेज नवं करायचं म्हटलं की सगळी भावकी उठून बसायची. त्यांची समजूत घालणं हे धाकट्याचं काम. ते करायला एक टूल होतं आणि ते असं मंद, की म्हशीनं लाजावं. एकदा लावलं की बसलं विचार करत. स्क्रीन ढिम्म, मशीन तापायचं आणि आतला पंखा जात्यासारखा घरघरायला लागायचा. तोवर दुसरं काही उघडायची सोय नाही.

दवाखान्यातून घरी सोडताना नर्सनं बजावलं होतं. "दर दोन तासांनी कूस बदलायची. चुकलात तर कातडी सडते, मग आमच्याकडे येऊन रडू नका."

धाकट्यानं त्यासाठी कधी घड्याळ बघितलं नाही. टूल लावायचं, पंखा घरघरला की उठायचं, दादाला वळवायचं, पाठीला पावडर लावायची, दोन घोट पाणी पाजायचं. परत येईतो भावकीचा निकाल लागलेला असायचा. दिवसातून चारपाच वेळा तरी हे व्हायचंच. पुढंपुढं दादाच पंखा ओळखायला लागला. भिंतीपलीकडं घरघर सुरू झाली की त्याचा चांगला डावा हात उचलला जायचा आणि पलंगाचा कठडा चाचपायचा. धाकटा दारात येईपर्यंत त्यानं कठडा घट्ट धरलेला असायचा, वळायला तयार.

"गाढवा," दादा म्हणायचा.

"आलो की रे. तूच गाढव. किती खातोस? माझं कंबरडं मोडलंस."

अशी सहा-सात महिने गाडी बरी चालली. मग ऑफिसच्या मॅडमनी मीटिंगमध्ये सांगितलं, नवं टूल आलंय, सोमवारपासून सगळ्यांनी तेच वापरायचं.

"म्हणजे इन्स्टॉल लावून जेवून यायचं, ते बंद?" कुणीतरी विचारलं.

"जेवा की. पण एक घास खाऊन होतोय तोवर ते संपलेलं असेल."

सगळे हसले. धाकटाही हसला. त्याच्याइतका त्या जुन्या टूलला कोण कंटाळला होता?

नवं टूल खरंच विजेसारखं होतं. एंटर दाबली की झालं. पंख्याला फिरायची फुरसतच नाही. धाकट्याला चेव चढला. एक पॅकेज झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं. वर्षभर रखडलेली कामं धडाधड उरकायला लागली. मॅडमनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली. कामाला मधे फट म्हणून राहिली नाही, आणि दादाची कूस त्या फटीतच बसलेली होती, हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा एक अख्खी सकाळ गेली होती.

त्यानं मोबाईलला गजर लावला. पहिल्या दिवशी उठला. दुसऱ्या दिवशी गजर वाजला, एवढं एक करून उठू म्हणून त्यानं अंगठ्यानं बंद केला. गजराचं तोंड दाबता येतं. जुन्या टूलचं दाबता येत नव्हतं, ते मानगूट धरून उठवायचं.

"गाढवा," पलीकडून यायचं. "गाढवा. गाढवा."

"आलो, आलो," हा खुर्चीतूनच.

संध्याकाळी अंग पुसताना वहिनीनं विचारलं, "उजव्या कुशीला लाल दिसतंय. सकाळी वळवतोस ना?"

"वळवतो तर."

"बघ हं."

"वहिनी, वळवतो म्हटलं ना."

चार दिवसांनी त्या लालीवरची कातडी फाटली. घाण वास सुटला. वहिनी ओलं फडकं हातात धरून उभी राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"सकाळी यांना एकदा तरी हात लावलास?"

धाकटा खिडकी उघडायला लागला.

"काम फार होतं?"

"काम आता लवकर होतं, वहिनी."

"असं होय. तुझं यंत्र सुधारलं आणि माझा नवरा कुजला."

दवाखान्यात सडलेलं मांस कापून काढलं. खड्डा हाडापर्यंत गेला होता. उजव्या कुशीवर आता अजिबात निजवायचं नाही, डॉक्टर म्हणाले. जखम भरेल का, यावर त्यांनी मान नुसती वाकडी केली. नर्स तीच होती. नाक मुरडून तिनं ड्रेसिंग शिकवलं, तेही वहिनीला. वहिनीनं गिरणी सोडली.

धाकट्यानं आपल्या मशीनवर जुनं टूल परत टाकलं. मॅडमचा फोन आला.

"अहो, त्या रटाळ टूलला कंटाळून लोक नोकऱ्या सोडून गेलेत. तुम्ही मागं काय जाताय?"

"माझ्यापुरतं राहू द्या, मॅडम."

"वेळ किती जातो त्यात!"

"जाऊ द्या."

दुपारी त्यानं ते लावलं. स्क्रीन ढिम्म झाली, मशीन तापलं, पंखा घरघरायला लागला. धाकटा उठून दारापर्यंत गेला.

दादाचा डावा हात उचलला होता. छातीवरून पलीकडं जाऊन त्यानं उजवीकडचा कठडा गच्च धरला होता. अंग ओढायला बघत होता. तोंडावर कितीतरी दिवसांनी ओळख आली होती.

"गाढवा," तो म्हणाला.

धाकटा पुढं झाला.

"तू राहू दे," वहिनी म्हणाली. ती पलंगाशीच बसली होती. तिनं दादाची बोटं एकेक करून कठड्यावरून सोडवली. सळया वाकवलेली बोटं ती, सहजी सुटेनात. "अहो, सोडा. त्या कुशीवर आता नाही जायचं."

हात तिनं परत छातीवर ठेवला. भिंतीपलीकडं पंखा घरघरतच होता. हात पुन्हा उचलला.

"ते बंद कर आधी," वहिनी म्हणाली.