डाव्या हाताचा चुडा

मुंबईच्या इस्पितळात माझ्या छातीतली गाठ कापून काढली, तेव्हा ठाण्यात आमच्या आळीने मला मेलेलीच धरलं होतं. दाक्तर कर्करोग म्हणाले होते. त्यातून उठून आलेली बाई कोणी पाहिली होती? मी आले. स्वतःच्या पायांनी घराची पायरी चढले. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि चौथ्या दिवशी मला जात्यावर बसवलं. गाठ गेली म्हणजे दुखणं गेलं, असा त्यांचा समज.

दुखणं कुठलं जातंय! काखेतलंही कापलं होतं, त्यामुळे डावा हात सुजायचा. सकाळी जरा बरा असे, दुपारपर्यंत नुसता दुधी भोपळा. दाक्तरांनी बजावलं होतं की हा हात जन्मभर जपायचा. रोज बोटांपासून वरपर्यंत पट्टी बांधायची, ओझं उचलायचं नाही, साधं खरचटूही द्यायचं नाही, कारण जखम चिघळली तर जिवावर बेतेल. मी हे घरात दहादा सांगितलं. ऐकलं एकानेच.

ते म्हणजे आमचे हे. आगगाडीच्या कचेरीत कारकून. पागोटं असं बांधायचे की संध्याकाळपर्यंत एक वळसा हलत नसे. त्याच हातांनी जुन्या धोतराची पट्टी मला बांधायचे, पण खोलीचं दार लावून. बायकोची सेवा करताना आईने पाहिलं तर? मला भारी संताप यायचा. मी काय चोरीचा माल होते? पण पट्टी हवी होती, म्हणून गप्प बसायची.

मग धाकट्या भावजींचं लग्न निघालं. चुडा भरायला कासार आला. पट्टी सोड, मंगलकार्यात चिंध्या कसल्या गुंडाळतेस, असं सासूबाई म्हणाल्या. डाव्या हातात भरू नका, मी कासाराला सांगितलं. त्या बिचाऱ्याने सासूबाईंकडे पाहिलं आणि माझा हात धरला. दाबून दाबून आठ हिरव्या बांगड्या चढवल्या. एक फुटली, तिने मनगटावर ओरखडा काढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हात कोपरापर्यंत लाल झाला. अंगात ताप, बांगड्या मांसात रुतलेल्या. कासाराला बोलवा, बांगड्या वाढवायच्या आहेत, असं मी म्हटलं. सासूबाई म्हणाल्या की देवक उठेपर्यंत चुड्याला हात लावायचा नाही, दोनच दिवस कळ काढ. माजघरातल्या साऱ्या बायकांनी माना डोलावल्या. हे दारात उभे होते. खाली बघत.

दोन दिवस! दोन दिवसांत मी उरले असते का, हा प्रश्न एकीलाही पडला नाही. मी उठले, वरवंटा आणला, पाटावर हात टेकला, वर ओलं फडकं टाकलं आणि एकेक बांगडी टिचवली. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण थांबले नाही. सातवी फुटली तेव्हा सासूबाईंना कंठ फुटला.

"अगं, माझा मुलगा जिवंत आहे ना! लोक काय समजतील?"

"तुमचा मुलगा जिवंत आहे हे सगळ्यांना दिसतंय," मी म्हटलं. "मी जिवंत आहे, हे तुम्हाला कधी दिसणार?"

आजवर त्यांच्यापुढे मी मान वर केली नव्हती. आता केलीच होती, तर अर्ध्यावर कशाला सोडू? जखम उकळलेल्या पाण्याने धुतली, पट्टी घेतली आणि सगळ्यांच्या देखत यांच्यापुढे हात केला.

"इथेच बांधा."

हे ओसरीवर निघून जातील असंच मला वाटलं. एकदा वळलेदेखील. मग अंगावरच्या नव्या उपरण्यासकट माझ्यासमोर जमिनीवर बसले. पहिला वळसा चुकला, तो सोडून त्यांनी पुन्हा घातला.

सासूबाईंनी तोंड फिरवलं. फिरवू देत. हे बोटांपासून वर बांधत गेले आणि दार सताड उघडं होतं.