नादारीसाठी मोडलेली घडी

हुशारीची मदत वेगळी आणि गरिबीची मदत वेगळी, हे मला कॉलेजात नाव घालेपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी कळलं नसतं म्हणा! आता केस पिकले, शाळेत पोरं हाकून रिटायर झाले, तरी ते कोडं काही मला सुटलेलं नाही.

नागपूर तेव्हा अजून राजधानी होतं. आम्ही इतवारीच्या मागच्या गल्लीतले कोष्टी. घरात माग एकच, त्यावर बाबा शेटजीचा माल विणायचे. आई आणि मी सुताच्या कांड्या भरत असू. मॅट्रिकला मी शाळेत पहिली आले आणि शहरातल्या सगळ्यात नावाजलेल्या कॉलेजात प्रवेश मिळाला. मिळाला हो, पण फी? आईनं साफ सांगून टाकलं, "फीचं जमलं तर जाय. नाही तं दिवाळी झाली का तुह्यं लगन." आणि आई बोलली की झालंच ते.

कॉलेजची एक स्कॉलरशिप होती, मार्कांवर मिळणारी. ती एका डॉक्टरच्या मुलीला गेली. तिचे मार्क माझ्याहून जास्त, त्यात माझं काही म्हणणं नाही. पण ती रोज मोटारीतून यायची! मोटारवालीला फीचे पैसे कशाला, असं मी कारकुनाला तोंडावर विचारलं. तो म्हणाला, "ते बक्षीस आहे बाई, मदत नव्हे. तुम्ही नादारीचा अर्ज करा." नादारी म्हणजे गरिबाला फी माफ. त्यासाठी वडिलांना घेऊन कमिटीपुढं उभं राहायचं होतं.

त्या सकाळी बाबांनी शेटजीच्या मालातलं रेशीमकाठी उपरणं उलगडलं आणि खांद्यावर टाकलं. मी ओरडलेच. सूत शेटजीचं, रेशीम शेटजीचं, आपली फक्त मजुरी. उपाशी राहील, पण परक्या मालाची घडी कोष्टी मोडणार नाही.

"बाबा, काहून घडी मोडली?"

"मोठेमोठे साहेब राह्यतीन तिथं. भिकाऱ्यावानी येऊ का मी? तुह्यं नाव खराब होईन ना वं!"

अहो, आता यांना कसं समजवावं, की तिथं भिकाऱ्यासारखंच जायचं असतं? तशीच निघाले त्यांच्यासोबत.

टेबलामागं तीन साहेब बसले होते. एकानं वाकून उपरण्याचा काठ चिमटीत धरला. "अस्सल रेशीम दिसतंय."

बाबा खुलले. "मीच विणलं जी, साहेब."

"म्हणजे धंदा बरा चाललाय?"

"देवाची किरपा हाये. काही कमी नाही."

परक्यापुढं घरचं रडगाणं कोण गातं? बाबांनी तर उभ्या जन्मात गायलं नव्हतं.

मग साहेबांचंच आपसांत जुंपलं. एक म्हणे, मुलगी हुशार आहे, देऊन टाका. दुसरा म्हणे, हुशारीचं वाटून झालं, इथं फक्त गरज बघायची. काठ धरणारा म्हणे, गरज तर कुठं दिसत नाही. अरे, मग मी आहे तरी कोण? हुशार म्हणावं तर तिथं कमी पडले, गरीब म्हणावं तर इथंही कमीच! मला हसावं की रडावं कळेना.

शेवटी मोठ्या साहेबांनी मलाच विचारलं, "तू सांग मुली. मदतीची गरज आहे का?"

बाबा माझ्याकडं बघून हसत होते. त्यांना वाटलं, पोरगी आता झकास उत्तर देणार. मी म्हटलं, "ते उपरणं आमचं नाही, साहेब. शेटजीचा माल आहे, उद्या पोचवायचा आहे. बाबांना दोनच धोतरं आहेत, दोन्ही फाटलेली, मधे शिवून दंड घातलेली."

मी बाबांकडं बघितलंच नाही, बघवेचना. मोठ्या साहेबांनी कागदावर सही केली. पूर्ण नादारी! वरून बाबांना म्हणाले, "मुलगी धीट आहे, शिकवा तिला." म्हणजे नादारी गरिबीला मिळाली की धीटपणाला? देव जाणे.

बाहेर येताच बाबांनी उपरणं उतरवलं आणि पायरीवर बसून त्याची घडी घालू लागले. ती काही पहिल्यासारखी बसेना. बराच वेळ ते खटपट करत राहिले, मी नुसती उभी.

"पास झाली ना वं तू?" त्यांनी मान खाली ठेवूनच विचारलं.

"हो बाबा. फी माफ झाली."

"बरं झालं, माय. लय बरं झालं." मग मान वर करून, खरंच काही न उमगल्यासारखे माझ्याकडं बघत म्हणाले, "मंग मलेच काहून नापास झाल्यावानी वाटून राह्यलं?"